बांधातलं दार

आई गेली त्या दिवशी उधाण होतं. गाव तिला घेऊन मसणवटीत गेलं. दुपारी बांधाला खांड पडली आणि खाडी शेतात आली.

एवढं लिहून मी पुष्कळ दिवस थांबले. पुढचं सगळं आठवतं, पण ते कुठून सांगायला घ्यावं ते कळेना. शेवटी वाटलं, आवाजापासून सुरुवात करावी. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आवाज होता. धरमतरच्या खाडीच्या काठाने आमच्या गावचा चिखलाचा बांध जात असे आणि त्या बांधात एका ठिकाणी लाकडी झडप बसवलेली होती. तिला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जाई आणि भरती आली की खाडीच बाहेरून ती झडप लोटून बंद करी. बंद होताना धप्प असा आवाज होई. आमचं घर गावठाणाच्या खालच्या अंगाला, बांधाच्या सगळ्यांत जवळचं, त्यामुळे तो आवाज आमच्या ओटीपर्यंत येई. आई भाकरी थापता थापता हात थांबवून तो ऐके. तांदळाच्या पिठाचा गोळा तसाच तळव्यांत धरलेला, मान किंचित कललेली. मग म्हणे, "लागली झडप," आणि भाकरी तव्यावर पडे. एखाद्या दिवशी म्हणे, "आज जोरात आपटली. पानी तापलंय." भरतीला 'तापलेलं पाणी' म्हणणारी माणसं मला नंतर कुठे भेटली नाहीत. शिक्षिकेच्या नोकरीत मी बऱ्याच गावांचं पाणी प्याले, पण खारेपाट सोडला आणि पाण्याच्या स्वभावाबद्दल बोलणारी माणसं संपली.

खारेपाट म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. कोणा पूर्वजांनी खाजणाला, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या खाऱ्या चिखलाला, बांध घातला, आतली माती पावसाने वर्षानुवर्षं धुऊ दिली, आणि मग तिथे भात पिकू लागलं. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला भात दिसे, आणि खाडी भातापेक्षा उंच असे. डोंगराकडून सोयरिकीला आलेले पाहुणे ते बघून घाबरत आणि पुन्हा प्यायला पाणी मागत. आम्हांला त्याचं काही वाटत नसे. पाऊस असेपर्यंत शेतं, पाऊस सरला की आटत्या तळ्यातली मासळी, थंडीत मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात सुकट आणि पाण्यासाठी तळ्यावरची रांग. चिखलात उड्या मारणारे मासे, निवट्या, पकडायला आई स्वतः जाई. त्यांचं चिंचेचा कोळ घातलेलं आंबट कालवण ती करी, तसं पुढे मला कधी जमलं नाही. मी ते करणं सोडून दिलं.

बांध सरकारचा नव्हता आणि जमीनमालकाला त्याची फिकीर नव्हती. बांध गावाचा होता. जे गावाचं ते कोणाचंच नाही असं होऊ नये म्हणून जोळ होता. जोळ म्हणजे घरटी एक माणूस. बांधावरून हाक आली की प्रत्येक घरातून एकाने पाटी किंवा फावडं घेऊन निघायचं. ताटावरून उठायचं, भांडण अर्धं टाकून उठायचं. ज्याचं शेत बांधापासून लांब त्यानेही यायचं, कारण खारं पाणी शेताची हद्द बघून थांबत नाही. आणि उधाणाच्या दिवसांत पाणी चढत असे तेव्हा ज्या घराची पाळी असेल त्या घरातल्या माणसाने बांधावर फिरत राहायचं. खेकडे बांधात बिळं करतात. अशा बिळातून आधी करंगळीएवढं पाणी येतं. तेव्हा ते टाचेने चिखल दाबून बंद होतं. थोड्या वेळाने फावडं लागतं, आणि आणखी थोड्या वेळाने गाव लागतं. म्हणून पाळी सोडणाऱ्याला गाव वाळीत टाकी. त्याच्याशी कोणी विस्तव देत-घेत नसे, लग्नाला जात नसे, आणि त्याच्या शेताचा आतला बांध फुटला तर कोणी हात लावत नसे. माझ्या लहानपणी असं कधी घडलं नव्हतं, पण मुलांना झोपवताना राक्षसाऐवजी त्या शिक्षेची गोष्ट सांगत.

आमच्या शेजारी, शेराच्या कुंपणापलीकडे, पदूकाकांचं घर होतं. बा आणि ते एका वयाचे, एकत्र मासे मारत वाढलेले. माझ्या समजत्या वयाच्या आधी कधीतरी पदूकाकांच्या म्हशीने आमचा आतला बांध तुडवला होता आणि बाने चारचौघांत म्हटलं होतं, "याला म्हस बांधता येत न्हाय, बांध काय राखील?" तेवढ्यावर दोघांचं बोलणं तुटलं. वाटेत समोरासमोर आले तर एक जण बांध उतरून चिखलातून जाई. दोघांच्या बायकांनी मात्र कुंपणातली एक फट मोकळी ठेवली होती. त्या फटीतून वालाचं बिरडं इकडे येई आणि निवट्यांचं कालवण तिकडे जाई. दोन्ही पुरुष ते जेवत आणि कोणी काही विचारत नसे. एकदा बाने पहिला घास घेऊन म्हटलं, "बिरड्यात मीठ कमी हाय." आई म्हणाली, "सांगू त्यांना?" बा खाली बघून जेवू लागला.

श्रावणात आईला ताप आला. वैदू झाला, काढे झाले, अलिबागच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरत होतं. पण नारळी पौर्णिमेला गाव उघाडीपाशी खाडीला नारळ द्यायला गेलं, तेव्हा ती कोणालाच ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. घरात बा, विधवा होऊन माहेरी आलेली आत्या, मी आणि धाकटा बाळू. बाळू आईच्या पदराशी खेळत होता; त्याला काकीने, म्हणजे पदूकाकांच्या बायकोने, उचलून कडेवर घेतलं. त्या दिवशी ती कुंपणाच्या फटीतून आली नाही, अंगणातून, सरळ दारातून आली.

पाऊस थोडा उघडला होता. बांबू आले, तिरडी बांधली. सगळं गाव अंगणात होतं. उचलायची वेळ आली तेव्हा पदूकाका आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बांधावर फिरताना धरायची काठी. ती त्यांनी कुंपणाला टेकवली आणि ते उभे राहिले. बाने मान वर केली. मग तो जरासा सरकला आणि तिरडीच्या मागच्या बाजूला एक जागा झाली. पदूकाकांनी त्या जागी खांदा दिला. बायकांच्या रडण्यात एक क्षण खंड पडला, मग रडणं पुन्हा सुरू झालं. ते कुठून आले होते हे त्यांच्या पायांवरूनच कळत होतं. पाळी त्यांची होती. बांधावर आता कोण आहे असं कोणी विचारलं नाही. ती विचारायची वेळ नव्हती, असं त्या अंगणातल्या प्रत्येकाला वाटलं असावं.

मसणवट गावाच्या डोंगराकडच्या बाजूला, चढावर आहे. पुरुष गेले आणि बायका घरात राहिल्या. आई जिथे गेली तिथे आत्याने पिठाच्या ढिगावर पणती लावली. ती दहा दिवस विझू द्यायची नसते. मी तिच्याजवळ बसले. पणतीची ज्योत हलत होती म्हणून आत्याने दार ओढून घेतलं. उघाडीची झडप केव्हाच लागली होती. तिचा आवाज मी ऐकला होता आणि तो ऐकणारी आता मीच, असं माझ्या मनात आलं होतं. काकी म्हशीला चारा टाकायला घरी गेली ती धावतच परत आली.

"आत्याबाय, भाताच्या वरून पानी चाललंय," ती म्हणाली. "आमच्या पाळीत. वडाच्या कोपऱ्याशी."

बायका उठल्या. ज्या तिथे रडायला आल्या होत्या त्यांनी पदर खोचले आणि मिळेल ती पाटी, टोपली, घमेलं घेऊन निघाल्या. आत्याही उठली. कोणीतरी म्हणालं, "तुमाला सुतक हाय, तुमी नका येऊ."

"सुतक आमाला हाय," आत्या म्हणाली, "खाडीला न्हाय." मग माझ्याकडे वळली. "तू जा. बाळूला ने संगती, बांधावर बसव. मी दिव्यापाशी थांबते."

मसणवटीत निरोप द्यायला काकी गेली. बायका तिथे जात नाहीत. ती चढाच्या तोंडाशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खांड पडली. पाळी आमची व्हती." हे मला पुष्कळ वर्षांनी गावच्या एका माणसाने सांगितलं. तो म्हणाला, नुसतं खांड पडली म्हटलं असतं तरी आम्ही धावलो असतो. पुढचं तिने कशाला सांगितलं ते तेव्हा कळलं नाही. मला वाटतं, दुसऱ्या कोणी ते म्हणायच्या आत तिला ते स्वतः म्हणायचं होतं. बाने नुकताच अग्नी दिला होता. लोक त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, "जावा सगळे. मी हाय तिच्यापाशी." आणि आईबरोबर तो एकटा राहिला.

बांधावर मी जे पाहिलं ते असं. वडाच्या कोपऱ्याशी बांधाचा एक तुकडा नव्हता. भरती सरली होती, आणि आत शिरलेलं पाणी त्याच वाटेने परत जाताना कडांची माती खात होतं. हिरवी रोपं मुळांसकट त्यावरून खाडीकडे चालली होती. पुरुष आले ते तसेच पाण्यात उतरले, हातात हात गुंतवून, पाठीने पाणी अडवत. मागून खुंट ठोकले जात होते. आम्ही बायका ओळीने चिखल देत होतो. एकीच्या हातातून दुसरीच्या, आणि शेवटी पाण्यातल्या माणसाच्या. पेंढ्याचे भारे आले, ते खुंटांमधून निसटून गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. रात्रीच्या भरतीच्या आत खांड बुजली नाही तर त्या वर्षीचं भात गेलं असतं आणि मीठ बसलेली जमीन धुऊन निघेपर्यंत पुढचीही वर्षं गेली असती. हे कोणी बोलत नव्हतं. बोलत होते ते वेगळंच.

"पदू, तू जाड हायस, तूच आडवा पड खांडीत," पाण्यातला एक जण म्हणाला.

पदूकाका ओळीच्या मधोमध, छातीभर पाण्यात होते. "पडतो," ते म्हणाले. "वरून चिखल टाका. मंग पंचायत बी करायला नको."

गणाजी म्हातारा, गावात वयाने सगळ्यांत मोठा, बांधावर उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "पंचायतीचं उद्या. आता खुंट ठोका."

बा आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मसणातून घरी जाऊन, दिवा बघून मग दुसरीकडे जायचं असतं. तो घरी न जाता सरळ बांधावर आला. ओलं धोतर, अंगाला धुराचा वास. बाळू त्याच्याकडे झेपावला, पण त्याने त्याला घेतलं नाही. तो खांडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पेंढ्याला कायतरी आडवं लागंल. दार आना."

"कुनाचं?" गणाजीने विचारलं.

"माझं. जवळ हाय."

आमच्या घराचं दार ऐनाचं होतं, दोन फळ्यांचं, जड. दर सणाला आई त्याला हळदीकुंकवाची बोटं लावी. जुनी पुसत नसे, त्यावरच नवी लावी, त्यामुळे एक जागा कायमची तांबूस झाली होती. दार काढायला जी माणसं आली त्यांत पदूकाका होते. मी पुढे धावत आले होते, आत्याला सांगायला. ती पणतीपाशी होती. पहिली फळी बिजागरीतून उचलली तसा वारा आत आला आणि ज्योत आडवी झाली. आत्या उठून दाराच्या मोकळ्या जागेत बसली, पाठ वाऱ्याकडे, तोंड दिव्याकडे. "न्या," ती म्हणाली. "मी बसते अशीच." पदूकाका फळी पाठीवर घेऊन तिच्याकडे बघत क्षणभर थांबले. मग वाकून निघून गेले.

दोन्ही फळ्या खुंटांना आडव्या लागल्या. त्यांच्यामागे पेंढा टिकला आणि पेंढ्यावर चिखल टिकला. शेवटच्या पाट्या मी माझ्या हाताने दिल्या. हळदीकुंकवाची बाजू आत आली की बाहेर, ते मला दिसलं नाही. मी बघत होते, पण चिखल फार होता. दिवेलागणीला बांध उभा होता. आम्ही घरी आलो तेव्हा आत्या तशीच बसलेली होती आणि पणती जळत होती. बाने अंघोळ केली, दिवा बघितला आणि भिंतीला टेकून बसला.

मग बाहेर कोणीतरी आलं. पदूकाका आणि काकी, दोघे मिळून एक दार उचलून आणत होते. त्यांच्या घराचं. त्यांनी ते आमच्या चौकटीत उभं केलं. चौकट उंच होती, दार आखूड. वर हातभर फट राहिली.

"फट राहते वर," पदूकाका म्हणाले. ते बोलत होते चौकटीशी.

"ऱ्हाऊ दे," बा आतून म्हणाला. "तुझ्या घराला काय लावशील?"

"आमचं काय, तरटं हाय."

इतक्या वर्षांनी दोघांत झालेलं बोलणं एवढंच. रात्रीच्या भरतीला झडप लागल्याचा आवाज त्या फटीतून आला, नेहमीपेक्षा मोठा. बांध राहिला. खालच्या अंगाची शेतं त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी गेली, आमचंही एक त्यांत होतं, बाकीची वाचली. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नव्हती. शेजारून जेवण येई, आणि त्यात बिरडं असलं की मी ते बापुढे न बोलता ठेवी.

सुतक फिटल्यावर देवळात गाव बसलं. नियम सगळ्यांना माहीत होता. पदूकाका खांबाला टेकून उभे होते, बसले नाहीत. दोघातिघांनी कोणाकोणाची शेतं बुडाली ते सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. एक जण म्हणाला, "आज याला सोडलं तर उद्या पाळी कोन करील?" तेही खोटं नव्हतं. मग बा उठला. त्याला बोलायची सवय नव्हती.

"माझी बायको चौघांच्या खांद्यावर गेली," तो म्हणाला. "मागचा डावा खांदा याचा व्हता. तुमी याला वाळीत टाका. मंग तो खांदा कुनाचा व्हता ते मला सांगा."

मग गणाजी म्हणाला, "त्याचे पाय चिखलाचे व्हते. मी बघितले. समद्यांनी बघितले. मंग वाळीत कुनाकुनाला टाकायचं?"

बायका देवळाबाहेर पायऱ्यांशी बसत. तिथून आत्या म्हणाली, "मानूस बांध सोडून मढ्याकडं आला, म्हनून खांड पडली. मंग मढं बांधाकडनं न्या. वाट लांब पडंल, पन मेलेल्याला कसली घाई."

"बायांनी मसनाची वाट ठरवायची?" कोणीतरी म्हणालं.

"खांड बायांनीच आधी बघितली," आत्या म्हणाली.

असा तो रिवाज सुरू झाला. उधाणाच्या दिवसांत कोणी गेलं तर तिरडी आधी बांधावर नेत. पाळीवरचा माणूस जिथे असेल तिथे ती थांबे. तो चार पावलं खांदा देई, मग बाजूला होई आणि बांधावर राही. तिरडी पुढे जाई. पाळी सोडायची गरज उरली नाही आणि कोणाचा खांदाही चुकला नाही. पुढे मी शिकायला पनवेलला गेले, मग नोकरीला, आणि हे सारं मला शाळेत सांगता येईल असं कधी वाटलं नाही. पुस्तकात आपत्ती म्हणून जे धडे असत त्यांत माणसं एकतर वाहून जात किंवा बाहेरून कोणी येऊन त्यांना वाचवी.

बा आणि पदूकाका त्यानंतर पुन्हा मित्र झाले, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. वाटेत भेटले की दोघेही बांधावर राहत, कोणी चिखलात उतरत नसे, एवढंच. पुष्कळ वर्षांनी बा गेला, तोही पावसाळ्यात, आणि तेव्हाही उधाण होतं. पाळी दुसऱ्या घराची होती. पण तिरडी वडाच्या कोपऱ्याशी आली तेव्हा तिथे पदूकाका उभे होते. पाळीवरच्या पोराला त्यांनी आधीच बाजूला बसवलं होतं. त्यांना नीट चालता येत नव्हतं. त्यांनी मागचा डावा खांदा धरला, चार पावलं आले आणि थांबले.

या पावसाळ्यात बाळू गेला. तो घरीच राहिला होता, शेत करीत. मी त्याच्यापेक्षा मोठी, आणि मी मागे राहिले. त्याला गाडीतून नेलं. बाळूच्या मुलाने गाडी बांधाच्या रस्त्याने घ्यायला लावली आणि वडाच्या कोपऱ्याशी थांबवली. उधाण नव्हतं. पाळी बंद होऊनही बरीच वर्षं झाली. बांध आता सरकारकडे आहे, त्यावर दगडाचं अस्तर आहे. तिथे कोणी नव्हतं. मुलगा उतरला, थोडा वेळ उभा राहिला, परत बसला.

आमच्या आईचं दार बांधात आहे. आमच्या घराला पदूकाकांचं दार आहे. त्याच्या वर हातभर फट आहे, आणि भरती लागली की तिथून झडपेचा आवाज येतो.